पोरांच्या हातची कागदी रिटर्न गिफ्टं : कुणी केलीत का? (तेही कोल्हापुरात, भर जुलैत)

पाचवी गल्ली | १ जुलै, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. लेकीचा ८वा वाढदिवस २१ जुलैला आहे. वर्गातली आणि गल्लीतली मिळून १८ पोरं येणार. गेल्या वर्षी प्लॅस्टिकच्या कंपासपेट्या वाटल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्यातल्या ४ बिजागरी तुटून आमच्याच जिन्यात पडलेल्या दिसल्या. तेव्हाच ठरवलं, पुढच्या खेपेला विकतचं आणायचं नाही, पोरीला हाताशी घेऊन कागदाचं काहीतरी करायचं.

आता पोरगी माझ्या पुढची निघाली. कुणीतरी तिला सांगितलंय की रद्दीपासून घरी कागद होतो, तर हिचं म्हणणं, 'आई, कागद पण आपणच करायचा.' मी दोन दिवस विचार करायलोय, डोकं चालेना. १८ पोरांना पुरेल एवढा कागद घरात होतो का? पावसात वाळतो का? त्याचं करायचं काय, आत घालायचं काय? पोरामागे ५० रुपयांच्या वर जायचं नाही. कुणी केलं असेल तर जरा सांगा.

तांबडा रस्सा | १ जुलै, रात्री ११:१५

नाद खुळा विषय काढलासा. पण आमच्यात जुलैत चड्ड्या वाळंनात, कागद कुठला वाळतोय? त्यापेक्षा पोरामागं एक एक वाटी पांढरा रस्सा पार्सल द्या. पोरं खूश, आईबाप त्याहून खूश.

(बाकी कुणीतरी खरं उत्तर द्या, मलाबी ऐकायचंय. भाचीचा वाढदिवस सप्टेंबरात हाय.)

कागदवेडी | २ जुलै, सकाळी ९:०५

दादा, होतो की! मी पुण्यात असते, गेली काही वर्षं घरच्या घरी हातकागद करते. वेड लागलं ते शिवाजीनगरची हातकागद संस्था बघून. १९४० साली गांधीजींच्या प्रेरणेने सुरू झालेली आहे, के. बी. जोशींनी उभी केलेली. तिथे सुती चिंध्यांपासून कागद करतात. एकदा मुलीला घेऊन नक्की जा.

आधी मला एवढंच सांगा, रद्दी कसली आहे? वर्तमानपत्र की वह्या?

पाचवी गल्ली | २ जुलै, सकाळी ९:४०

दादा नव्हे हो, बाई आहे मी. कोल्हापूरच्या बायका 'आलो-गेलो'च म्हणतात. पुण्यात कॉलेजात होतो तेव्हा सगळी होस्टेल हसायची, तरी सवय सुटली नाही.

रद्दी दोन्ही आहे. जुन्या वह्या, ऑफिसचे एका बाजूनं छापलेले कागद, आणि पेपरचा गठ्ठा तर काय, कमरेएवढा.

कागदवेडी | २ जुलै, सकाळी ११:३०

माफ करा ताई! लक्षातच आलं नाही.

वर्तमानपत्र बाजूला ठेवा. त्याचा कागद राखाडी, मऊ आणि लेचापेचा होतो. त्यात लाकडातलं लिग्निन (धाग्यांना चिकटवून धरणारं द्रव्य) तसंच राहिलेलं असतं, म्हणून उन्हात दोन दिवसांत पिवळा पडतो. वह्यांचे आणि ऑफिसचे कागद उत्तम. मासिकांचा चकचकीत कागद नको, त्यावर मातीचा थर असतो. आणि दुकानातली ती गुळगुळीत बिलं, ज्यांच्यावर नखाने रेघ उठते, ती तर मुळीच नकोत. त्यांना रसायन लावलेलं असतं, मुलांच्या हातात भिजवायला द्यायची वस्तू नाही ती.

कृती अशी. कागद टपाल तिकिटाएवढे फाडायचे (कापायचे नाहीत, फाटलेल्या कडेला धागे मोकळे राहतात). रात्रभर पाण्यात. सकाळी मिक्सरच्या भांड्यात एक मूठ भिजलेला कागद आणि बाकी भांडं भरून पाणी. अर्धा मिनिट, थांबून परत अर्धा. फार फिरवलं की धागे तुटतात आणि कागद ठिसूळ होतो. हा झाला लगदा.

चौकटीसाठी सुताराकडे जाऊ नका. भरतकामाच्या एका मापाच्या दोन रिंगा घ्या. एकीत मच्छरदाणीची जाळी ताणून बसवा, दुसरी नुसती वर ठेवा. टबात वीतभर पाणी, त्यात लगदा ढवळायचा, रिंगा उभ्या आत घालून आडव्या करून सरळ वर उचलायच्या. पाणी निथळलं की वरची रिंग काढायची आणि जाळी ओल्या सुती कापडावर पालथी घालून मागून स्पंजने टिपायचं. जाळी उचलली की कागद कापडावर राहतो. डिंक लागत नाही. पाणी निघून गेलं की धागे आपोआप एकमेकांना धरतात.

हिशोब: एका ए-फोर कागदाचं वजन साधारण ५ ग्रॅम. घरचा कागद दुप्पट जाड होतो, म्हणून एका ए-फोरमधून त्याच्या निम्म्या आकाराचा एक कागद धरा. १८ मुलांसाठी ४० कागद भिजवा, थोडे वाया जाणारच.

इचलकरंजीचा माग | २ जुलै, दुपारी १:१०

सुती चिंध्या म्हणालात म्हणून आलो. आमच्याकडं चिंधीला काय तोटा? पोतं भरून पाठवू का?

कागदवेडी | २ जुलै, दुपारी १:२५

मोह होतोय, पण नको. चिंधीचा कागद सगळ्यात टिकाऊ, पण ती कुटायला यंत्र लागतं. घरच्या मिक्सरच्या पात्यात धागे गुंडाळले की मोटरच जळते. अनुभवाचे बोल आहेत.

तांबडा रस्सा | २ जुलै, दुपारी २:००

मग चिपाडाचा? गुऱ्हाळावर डोंगर पडल्यात चिपाडाचे. कारखान्यांच्या बगॅसपासून कागद करत्यात म्हणं.

कागदवेडी | २ जुलै, दुपारी ३:१०

करतात, पण तिथे ते कॉस्टिक सोड्यात शिजवतात. लिग्निन काढल्याशिवाय चिपाडाचा कागद होत नाही, नुसता भुसा होतो. कॉस्टिक आणि ८ वर्षांची मुलं एका घरात नकोत.

दोन चिमण्या | २ जुलै, रात्री ९:३०

मी जरा वेगळं बोलते, रागावू नका. माझ्या जुळ्या मुली, ५ वाढदिवस झालेत. 'मुलांच्या हातचं' म्हणून जे काही असतं ते शेवटच्या रात्री १२ वाजता आयाच करत बसलेल्या असतात. मुलं दोन नग करतात, तिसऱ्याला कंटाळतात. मग आई ते दोनही उसवून नीट करते, कारण पाहुण्यांना काय वाटेल. आमच्या सोसायटीत एकीनं ३० कागदी फुलपाखरं वाटली होती, सगळी एका मापाची, कडा ब्लेडने कापलेल्या. तिच्या मुलाला विचारलं तर म्हणाला, 'मला हातच लावू दिला नाही.'

तुम्ही तसं करणार असाल तर बाजारातून आणा, निदान झोप तरी मिळेल.

पाचवी गल्ली | २ जुलै, रात्री १०:००

रागावले नाही. खरं तर भीती तीच आहे. माझा हात शिवशिवतो, सांगून ठेवतो.

निवृत्त गुरुजी | ३ जुलै, सकाळी ६:१५

गडहिंग्लजकडच्या प्राथमिक शाळेत ३१ वर्षं कागदकाम घेतले. दोन शब्द.

४-५ वर्षांच्या मुलांना फाडायला द्यावे. फाडण्यात त्यांना जो आनंद मिळतो तो आपल्याला पगारात मिळत नाही. ६ ते ८ची मुले घडी घालू शकतात, परंतु कोपऱ्याला कोपरा जुळवताना ओठ चावतात. त्यांना घाई करू नये. कात्री ९च्या पुढे मोकळी द्यावी, तोवर शेजारी बसून. घडी बोटाने दाबू नये, नखाने किंवा चमच्याच्या पाठीने मारावी.

चिकटवायला घरची खळ करावी. दोन चमचे मैदा, एक कप पाणी, मंद आंचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळणे. आकाशकंदिलाला आपण हीच लावतो. कीड लागू नये म्हणून जुनी माणसे खळीत मोरचूद घालत, ते मुलांच्या कामात कदापि घालू नये. विषारी असते. खळ दोन दिवसांत आंबते, तेव्हा ताजी करावी.

पाचवी गल्ली | ६ जुलै, रात्री ९:२०

अहवाल क्रमांक १.

शनिवार सकाळ, मागची पोर्च, ३ पोरं (माझी एक, शेजारच्या दोन). फाडण्याचं काम इतकं रंगलं की भिजवायच्या गठ्ठ्याबरोबर चालू महिन्याचं वीजबिलही गेलं. लगदा छान झाला. रिंगेतला पहिला कागद फाटला, दुसरा फाटला, तिसरा कापडावर आला आणि पोरांनी जी आरोळी ठोकली ती वरच्या मजल्यावरच्या काकू खाली बघायला आल्या.

शेजारचा धाकटा साडेचार वर्षांचा आहे. रिंग त्याला पेलेना, रडायला लागला. पोरीनं त्याला चहाची गाळणी दिली. गाळणीत लगदा घ्यायचा, दाबायचा, फडक्यावर पालथी मारायची. रुपयापेक्षा मोठे, कडा फाटक्या असे गोल गोल चकते झाले. सगळ्यात सुंदर तेच दिसायलेत.

आता वाईट बातमी. उरलेलं लगद्याचं पाणी मी मोरीत ओतलं. संध्याकाळी मोरी तुंबली. प्लंबर म्हणाला, 'वहिनी, आत भिंत बांधलीया जणू.' ३५० रुपये. बजेट गेलं.

कागदवेडी | ६ जुलै, रात्री ९:४५

अरेरे, ते सांगायचं राहिलं, चूक माझी. लगदा कधीच मोरीत नाही. जुन्या ओढणीतून गाळायचा, पाणी झाडांना, आणि लगद्याचे लाडू वळून वाळवून ठेवायचे. पुढच्या वेळी भिजवले की परत लगदा तयार.

वाळवायला कापड दोरीवर टांगू नका, कागद वाकडा होतो. कपाटाच्या काचेवर किंवा फरशीवर चिकटवा, पंखा लावा. काचेकडची बाजू गुळगुळीत निघते. पुण्याच्या पावसात मला दीड दिवस लागतो, तुमच्याकडे दोन धरा. त्याहून जास्त ओला राहिला तर काळे ठिपके येतात, ती बुरशी.

लिहायचं असेल तर साबुदाण्याची पातळ खळ ब्रशने दोन्हीकडे फिरवून वाळवा. नाहीतर शाई फुटते.

जुनी पेठ | ७ जुलै, सकाळी १०:३०

वाचतेय रोज, आज लिहिते. रंगासाठी विकतचा रंग घेऊ नका. लगद्यात चमचाभर हळद घाला. बीट घालाल तर पहिल्या दिवशी गुलाबी दिसेल आणि आठवड्यानं मातीचा रंग येईल. हळद पण उन्हात उडते, पण घरात टिकते. झेंडूच्या पाकळ्या सुट्या करून घातल्या तर पिवळे ठिपके राहतात.

हळदीच्या कागदाची एक गंमत आहे. वाळल्यावर साबणाच्या पाण्यात काडी बुडवून त्यावर लिहायचं, अक्षर लाल उठतं. हळदीत चुना घालून कुंकू लाल करतात, त्यातलाच प्रकार. चुना मात्र मुलांना देऊ नका, डोळ्यात गेला तर भारी पडतो. आमच्या भाच्यांनी तासभर नुसती एकमेकांची नावं लिहिली होती.

पाचवी गल्ली | ७ जुलै, दुपारी १२:००

हे केलंच! (लगदा वाळायची वाट कोण बघतंय, वहीच्या कागदालाच हळद फासली.) जुनी पेठताई, तुमच्यामुळं आमच्या घरात १८ जणांची नावं लाल अक्षरांत झालीत. तीन जणांची शुद्धलेखनाच्या चुकांसकट. दुरुस्त करायला हात पुढं गेला होता, दोन चिमण्याताईंची आठवण आली, मागं घेतला.

आता पोरीला कागदात बिया घालायच्यात. 'कार्ड पेरलं की झाड येतंय' असं कुठंतरी बघितलंय तिनं. घालू का?

कागदवेडी | ७ जुलै, दुपारी १२:४०

घाला, पण बिया मिक्सरमध्ये नाही, लगदा टबात आल्यावर. लहान बिया घ्या, राजगिरा चांगला. सब्जा नको, पाण्यात पडला की बुळबुळीत गोळा होतो. आणि लवकर वाळवा.

पाचवी गल्ली | ११ जुलै, सकाळी ७:१०

अहवाल क्रमांक २. बसलाय काय सगळे? बसा.

घरात राजगिरा नव्हता. मेथी होती. मी म्हटलं, बी ते बी. सोमवारी १२ कागद केले. सोमवारपासून इकडं जी झड लागलीया ती थांबायचं नाव घेईना, त्यात लाईट दोन वेळा गेली, पंखे बंद. बुधवारी संध्याकाळी कागद अजून दमटच होते. आज सकाळी पोरगी किंचाळत आली. सगळ्या कागदांना मोड आलेत. पांढऱ्या शेपट्या, काहींना हिरवे कान पण फुटलेत. कपाटाच्या काचेवर शेत उगवलंय, शेत.

वाढदिवसाला १० दिवस आहेत आणि माझं रिटर्न गिफ्ट आत्ताच वाढायलंय.

तांबडा रस्सा | ११ जुलै, सकाळी ७:३०

मी हसून हसून चहा सांडला. वहिनी, वाटपाऐवजी पोरांना खुरपं द्या.

कागदवेडी | ११ जुलै, सकाळी ८:५०

मेथी! भिजली की दोन-तीन दिवसांत उगवतेच ती. पावसाळ्यात बियांचा कागद करूच नये, हे मी आधी ठणकावून सांगायला हवं होतं. ते कागद आहेत तसे कुंडीत मातीवर पसरा, वर बोटभर माती. मुलीला सांगा प्रयोग यशस्वी झाला, फक्त वेळ चुकली.

दोन चिमण्या | ११ जुलै, सकाळी ९:१५

हे वाचून तुमच्याबद्दल आदर वाढला. हे नक्कीच मुलांनी केलेलं आहे.

पाचवी गल्ली | १३ जुलै, रात्री १०:३०

आता साधे २२ कागद (बिनाबियांचे!) आणि गाळणीचे ३० चकते वाळून तयार आहेत. पण त्याचं करायचं काय यावर घरात काथ्याकूट. कार्डं म्हटलं तर पोरगी म्हणते 'कार्ड कोण घेतंय.' डबी करायची तर हातकागदाच्या घडीला भेगा पडतात.

त्यात आज आबा (माझे सासरे) बोलले. आबांचं शिवाजी पेठेत ४० वर्षं किराणा दुकान होतं. दोन आठवडे ते कोपऱ्यात बसून हे सगळं बघत होते, चकार शब्द नाही. आज पोरीला म्हणाले, 'आण ग एक कागद इकडं.' तिनं जुन्या वहीचा कागद दिला. त्यांनी मूठभर शेंगदाणे मधे ठेवले, एक लांब कड दुसऱ्या कडेवर आणली, वरची पट्टी दोनदा दुमडली, दोन्ही टोकं आत घेतली, एक टोक दुसऱ्याच्या खिशात खुपसलं. पुडी. ना डिंक, ना पट्टी, ना दोरा. पाच सेकंद लागले असतील. मग ती पुडी त्यांनी पोरीकडं फेकली, तिनं झेलली, एक दाणा सांडला नाही.

पोरगी बघतच राहिली. मग म्हणाली, 'आबा, परत.'

रात्री ९ वाजेपर्यंत घरातले सगळे शेंगदाणे, साखर, हळद, मीठ पुड्यांत गेलं. कुठल्या पुडीत काय आहे कुणाला माहीत नाही. उद्या चहात काय पडतंय बघू.

निवृत्त गुरुजी | १४ जुलै, सकाळी ६:००

वाचून समाधान झाले. ही औषधाची पुडी. पूर्वी कंपाउंडर अशीच बांधत आणि देवळातला अंगाराही हिच्यातच मिळे. किराण्याची मोठी पुडी निराळी, तिला वर टांगलेल्या रिळाचा दोरा लागतो आणि दोरा तोडण्याची विशिष्ट युक्ती असते. आबांना तीही येत असणार. विचारा.

पाचवी गल्ली | १४ जुलै, दुपारी १:४५

विचारलं. येते. दोरा पुडीला दोन वेढे घेऊन बोटाभोवती पिळतात आणि तिथंच झटका देतात. पोरीनं करून बघितलं, बोटाला वळ उठला, आता ती ते अभिमानानं सगळ्यांना दाखवत फिरायलीय.

कागदवेडी | १४ जुलै, दुपारी ३:२०

हेच करा ना मग! हातकागद जाड असतो, पुडीच्या घड्यांना तो त्रास देईल. पुडी आणि डबी साध्या पातळ कागदाची करा, आणि हळदीच्या कागदाची नावाची चिठ्ठी किंवा गाळणीचा चकता वर दोऱ्यात ओवून बांधा.

डबी हवीच असेल तर जपानी मासू करायला लावा. चौरस कागद, चारही कोपरे मध्यावर, मग कडा मध्यावर घेऊन उलगडायच्या, दोन टोकं उघडून भिंती उभ्या करायच्या. मासू म्हणजे त्यांचं धान्य मोजायचं लाकडी माप, आपल्या मापट्यासारखं. झाकणासाठी पूर्ण कागद, तळासाठी अर्धा सेंटीमीटर कमी. ओळखीचा छापखाना असेल तर कटिंगचे कागद फुकटात मिळतात. फक्त कार्डशीट घेऊ नका, त्यात मशीनच्या दिशेने धागे बसलेले असतात, आडवी घडी घातली की ते तुटतात.

जुनी पेठ | १४ जुलै, सायंकाळी ५:००

खाऊ घालणार असाल तर वर्तमानपत्रात बांधू नका हं. शाई खाण्यात उतरते. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं (एफएसएसएआय) २०१६मध्येच तशी सूचना काढली होती. आबांच्या काळी सगळं रद्दीतच बांधायचे, पण आता नको. आत बटर पेपरचा तुकडा घाला. आणि भडंग द्यायचं असेल तर आदल्या रात्री भरू नका, या हवेत दोन तासांत सादळतं. गुळाचे खडे चालतील, पण तेही बटर पेपरमध्ये, नाहीतर पाणी सुटतं.

तांबडा रस्सा | १८ जुलै, रात्री ८:४०

वहिनी, पंचगंगेचं पाणी चढायलंय. राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघायलाय न्हवं? ३९ फुटाला इशारा, ४३ला धोका. वाढदिवस हाय का न्हाई?

पाचवी गल्ली | १८ जुलै, रात्री ९:१०

आकडा पोरगीच मला सकाळ-संध्याकाळ वाचून दाखवते. आमच्या पोरांना हे आकडे पाढ्यासारखे पाठ आहेत. ३९च्या आत आहे अजून. नदीपलीकडची दोन पोरं येतील का नाही शंका आहे, त्यांच्या पुड्या बांधून ठेवू. गूळ घालतो त्यात, भडंग नको.

पाचवी गल्ली | २२ जुलै, रात्री १०:०५

अहवाल क्रमांक ३, शेवटचा.

१८ पैकी १६ आली. आधी कबुली देतो, म्हणजे सुटलो. पोरीनं तळ-झाकणांच्या २० डब्या केल्या होत्या. शनिवारी रात्री ती झोपल्यावर मी त्या बघायला बसलो. पाच तर इतक्या तिरक्या होत्या की झाकण एका बाजूनं टोपीसारखं वर. हात शिवशिवला. मोडून परत घातल्या, सरळ, चकाचक. अकरा वाजले.

रविवारी सकाळी पोरगी डब्या मोजताना थांबली. पाचही बरोबर बाजूला काढल्या. 'ह्या माझ्या न्हवंत.' मी म्हटलं, तुझ्याच आहेत. 'माझी घडी अशी नसते.' आणि खाली बसून पाचही उलगडून परत घातल्या. परत तिरक्या. मी चहा ठेवायला आत गेलो.

कार्यक्रमाला आबांना हॉलच्या मधोमध खुर्ची, खिडकीच्या गजाला दोऱ्याचं रीळ. शेजारी भडंगाचं पातेलं. पोरं रांगेत. प्रत्येकानं आपला कागद, आपलं बटर पेपर घ्यायचं, आबा भडंग घालणार, पुडी आपण बांधायची. सांडलं तर सांडलं. केक कापायला कुणी उठेना, तीन वेळा हाका मारल्या. आबा पोरांना 'काय देऊ, पावशेर का अच्छेर?' विचारत होते. निम्म्या पोरांना अच्छेर म्हणजे काय माहीत नाही, तरी सगळी 'अच्छेर' म्हणून ओरडत होती. नंतर झाडलं तर केरसुणीखाली अर्धं पातेलं भडंग निघालं.

जाताना प्रत्येकाच्या हातात एक तिरकी डबी (आत दोन गुळाचे खडे), स्वतः बांधलेली एक पुडी, वर हळदीच्या कागदावर लाल नाव. खर्च पोरामागे ३१ रुपये, मोरी धरून ५०च्या थोडं वर.

एका आईचा रात्री फोन आला, की पोरगा घरातल्या डाळी पुड्यांत बांधायलाय, थांबव म्हणून सांग. मी काय सांगणार?

दोन चिमण्या | २२ जुलै, रात्री १०:२०

ते पाच उलगडलेले वाचून माझ्या घशात काहीतरी झालं. तुमची कबुली स्वीकारली. माझीही एक आहे, पण ती पुढच्या वाढदिवसाला.

निवृत्त गुरुजी | २३ जुलै, सकाळी ६:०५

आबांना माझा नमस्कार सांगावा. अच्छेर म्हणजे अर्धा शेर, हे मुलांना कळवावे.

इचलकरंजीचा माग | २३ जुलै, सकाळी १०:४०

चिंध्या कुणालाच नकोत म्हणायच्या. बरं. मेथीचं काय झालं ते सांगा.

पाचवी गल्ली | २३ जुलै, सकाळी ११:१५

कुंडीत बोटभर वर आली होती. काल रात्री गोगलगायींनी साफ केली. पोरगी म्हणते, बोलावलं नव्हतं तरी आले पाहुणे.

तांबडा रस्सा | २३ जुलै, दुपारी १२:००

वहिनी, भाचीचं ठरलं, डबीच करायची. ए-फोर कागदातनं केली तर केवढी हुतीया? आत एक लाडू बसला पायजे.

कागदवेडी | २३ जुलै, दुपारी १२:३०

ए-फोरचा चौरस २१ सेंटीमीटरचा निघतो. त्याला २.८ने भागा, तळ साडेसात सेंटीमीटरचा आणि उंची त्याच्या निम्मी. लाडू बसेल, पण झाकण लागायचं तर जरा लहान वळा. तुपाचा असेल तर बटर पेपर विसरू नका.

तांबडा रस्सा | २३ जुलै, दुपारी १२:३५

लाडू बारका वळायचा? मग तळासाठी मोठाच कागद बघतो.